मघा नक्षत्राचा पाऊस, आडवा वारा आणि गुहागर ते गणपतीपुळे सायकलवर

चाकोरी

किनारी रस्त्याने सायकल चालवल्याचे वृत्तांत इथे पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळे डिसेंबर-जानेवारीतले. निळा समुद्र, माडाच्या बागा, सूर्यास्त. आम्ही तिघं गेलो ते ऑगस्टच्या उत्तरार्धात. दिघी, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, रत्नागिरी असं दक्षिणेला सरकत वेंगुर्ल्यापर्यंत. सामान सायकलवरच, मागून येणारी गाडी वगैरे काही नाही. सगळी सफर लिहीत बसत नाही. गुहागर ते गणपतीपुळे एवढ्याच टप्प्याबद्दल लिहिते, कारण त्या दिवशी सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत पाऊस थांबला नाही.

आधी रस्ता. "समुद्राच्या कडेने म्हणजे सपाटच असेल ना" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: नाही. गावं खाडीच्या नाहीतर पुळणीच्या काठाला आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार. गाव सोडलं की नागमोडी चढ, वर उघडं माळरान, मग तितकाच तीव्र उतार, खाली पूल किंवा मोरी, माडांची वाडी, देऊळ, शाळा, आणि शाळेच्या भिंतीपासून परत चढ. पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, रोहिले, तवसाळ. नकाशावर अंतर अगदीच किरकोळ दिसतं. कोरड्या दिवसात अर्ध्या दिवसाचं काम.

निघताना घरच्या काकू म्हणाल्या, "मघा लागल्यात, आज कशाला निघताय? पाऊस जरा उणावू दे की." हवामान खात्याचा रत्नागिरी जिल्ह्याला यलो अलर्ट होता. आमचं आपसात ठरलेलं होतं की यलोला निघायचं, ऑरेंजला तिथली परिस्थिती बघून ठरवायचं, रेडला मुक्काम वाढवायचा. त्याप्रमाणे निघालो. काकूंनी मेतकूट-भात खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही, हे त्यांच्या नाराजीसकट सांगायला हवं.

पावसातल्या सफरीचा सगळ्यात वाईट क्षण रस्त्यावर येत नाही. तो सकाळी खोलीत येतो, आदल्या दिवशीच्या ओल्या चड्डीत पाय घालताना. पण तो चुकवायचा नाही. कोरडा जोड एकच, आणि त्याला फक्त छपराखाली हात लावायचा. सकाळी कोरडं घालून निघालं की पहिल्या चढाआधीच ते ओलं होतं आणि संध्याकाळी अंगावर घालायला काहीच उरत नाही. आमच्यातला एकजण हे मानायला तयार नव्हता. दाभोळच्या फेरीतून उतरल्यावर मानायला लागला.

एकदा पूर्ण भिजलं की पाऊस त्रास देत नाही. हे ऐकायला शौर्याचं वाटतं, पण त्यात शौर्य नाही. अंग गरम आहे, पाय फिरताहेत, चढावर तर पाऊस उलट हवासा वाटतो. रेनकोट मी पालशेतच्या चढावरच काढून मागे बांधला. आत घामाने तितकीच भिजत होते, वर गुदमरत होते ते वेगळं. खरा प्रश्न थांबल्यावर सुरू होतो.

वेळणेश्वरच्या अलीकडच्या सड्यावर वारा इतका होता की पाऊस वरून पडतच नव्हता, उजवीकडून येत होता. नैऋत्येचा वारा आणि आम्ही दक्षिणेला, म्हणजे तो अर्धा तोंडावर, अर्धा कुशीत. सपाटीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललो होतो. कडेला कातळाच्या खळग्यांत साठलेल्या पाण्याभोवती सीतेची आसवं फुललेली, जांभळा पट्टाच्या पट्टा. फोटो काढावा म्हटलं तर मोबाइलचा पडदा ओल्या बोटाला दाद देईना. फोटो नाही, विश्वास ठेवा.

तिथून पुढे एसटीची पत्र्याची शेड दिसली आणि आम्ही आत शिरलो. चिक्की खाल्ली, शेंगदाणे खाल्ले, गप्पा मारल्या. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पहिल्याचे दात वाजायला लागले. दहाव्या मिनिटाला तिघांचे. हवा पंचवीस-सव्वीस अंशाची असेल, म्हणजे घरी पंखा लावून झोपतो तेवढी. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यात वारा. अंगातली उष्णता पायडल मारल्याने तयार होत होती, ती बंद झाली आणि खर्च चालूच राहिला. त्या शेडमध्ये आमचं भांडणही झालं, पुढे जायचं की वेळणेश्वरला खोली बघायची यावरून. सायकलवर असताना तिघांपैकी कोणाच्याही मनात परत फिरायचा विचार आला नव्हता. पुढच्या चढाच्या मध्यावर परत सगळे गरम आणि सगळे खूश.

तेव्हापासून मी थांबायचे दोनच प्रकार मानते. एक, पाय जमिनीवर टेकून, सायकल मांडीत धरून, दोन-तीन मिनिटं, तोंडात काहीतरी कोंबण्यापुरतं. दुसरा, चूल किंवा शेगडी असलेल्या बंद जागी, वरचा कपडा पिळून, वाऱ्याचं जाकीट चढवून, गरम काहीतरी पोटात घालेपर्यंत. मधला प्रकार, म्हणजे उघड्या शेडमध्ये "जरा पाऊस कमी होईपर्यंत" थांबणं, हा बंद. मघाचा पाऊस कमी होत नसतो.

हेदवीच्या उतारावर ब्रेकची परीक्षा झाली. आमच्या दोन सायकली साध्या रिम ब्रेकच्या, एक डिस्कची. ओल्या रिमवर पहिला दाब फक्त पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर येते. त्यात जांभ्याची लाल रेती. ती पॅड आणि रिमच्या मध्ये बसते आणि कानशीसारखी घासत राहते. तळाला पोचेपर्यंत रिमवरून विटकरी पाणी ओघळत होतं. त्यानंतर प्रत्येक उताराआधी बाटलीतलं पाणी रिमवर ओतायचं आणि वरूनच हलका ब्रेक धरून निघायचं असं केलं.

तवसाळला फेरी चालू होती, पण मधल्या दोन फेऱ्या वाऱ्यामुळे थांबवलेल्या. धक्क्यावरच्या टपरीत चहा, आणि तिथल्या बाईंनी न मागता चुलीपुढे जागा करून दिली. बोटीच्या लोखंडी रॅम्पवर सायकल हातात धरून उतरा, एवढंच सांगते. शास्त्री नदीच्या मुखाशी बोट चांगलीच हलली. जयगडच्या धक्क्यावरून वर येणारा चढ त्या दिवसातला सगळ्यात मोठा वाटला, पण तोपर्यंत आम्ही सरावलो होतो. मालगुंडच्या पुढे अंधारलं आणि गणपतीपुळ्यात शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते.

आता प्रश्न. मला पुढच्या वर्षी हाच रस्ता पावसाळ्यातच परत करायचा आहे. (१) रिम ब्रेकवाल्यांनी पॅड कुठले वापरावेत? (२) तळपाय पांढरे पडून सोलवटतात त्यावर कोणाकडे उपाय आहे? (३) जाणत्यांनी भरती-ओहोटीचा आणि फेरीचा संबंध समजावून सांगावा. धक्क्यावर प्रत्येकजण वेगळं सांगत होता.

अर्धा_पायडल

वाचनखूण साठवली आहे. पुढचे टप्पेही लिहा ना, आरे-वारेचा रस्ता पावसात कसा होता?

मालवणी_मसाला

अगो बाय, असल्या पावसात सायकल घेवन खंय भटकतास? घरात बसान पेज खावची, वांगडा भाजलेलो सुको बांगडो. वेंगुर्ल्याक इलास तेव्हा सांगूक होया होता.

घाटमाथा

लेखन छान आहे, पण थोडं कडू बोलतो. असे धागे वाचून दहाजण नवखे बाहेर पडतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला, त्यात एसटीच्या गाड्या वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. हे सगळं तुमच्या सफरीच्या पट्ट्यातलं किंवा तिथून जवळचं आहे. सायकलवाला दमलेला असतो, त्याला मुक्काम गाठायचा असतो, आणि मग "एवढंसं तर पाणी आहे" म्हणत तो मोरीवर घालतो. वरंधासारखे घाट प्रशासन पावसाळ्यात उगाच बंद ठेवत नाही. यलो अलर्टला निघायचं हा नियम मला पटला नाही.

चाकोरी

@घाटमाथा, कडू नाही वाटलं. घाटांबद्दल शंभर टक्के सहमत. आमचा घाटाचा दिवस आम्ही अलर्ट नसलेला निवडला होता आणि त्यासाठी सुट्टी पुढे ढकलली होती. पण किनाऱ्यावरचा सडा आणि सह्याद्रीचा घाट यांत फरक आहे. सड्यावर अंगावर दरड येणार नाही, डोंगरच नाही वर. धोका आहे तो वाऱ्याचा, खालच्या मोऱ्यांचा आणि विजांचा. म्हणून आमचे थांबायचे निकष पावसाच्या मिलिमीटरवर नव्हते. रस्त्यावरून वाहतं पाणी दिसलं की थांबायचं, मग ते घोट्याएवढं असो. वाऱ्याने सायकल सरळ धरता येईना तर उतरून चालायचं. वीज दिसली की सडा चढायचाच नाही, खाली गावात थांबायचं. यलो अलर्टची व्याप्तीही मोठी असते. ६४.५ मिमीपासून ११५.५ मिमीपर्यंतचा पाऊस म्हणजे खात्याच्या भाषेत 'जोरदार'. कोकणात ऑगस्टात तो काही अघटित नव्हे. लोकांची शेतं, शाळा, एसटी सगळं त्यात चालू असतं.

घाटमाथा

निकष योग्य आहेत. ते लेखात वर हवे होते, प्रतिसादात नकोत. एक भर घालतो. नदीचं पाणी तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावर ठरत नाही. चिपळुणात पाणी भरतं ते वरून घाटातून येणाऱ्या लोंढ्याने, आणि त्याच वेळी खालून भरती असेल तर उतरायला जागा नसते. म्हणजे गुहागरात रिमझिम असताना चिपळूणची वाशिष्ठी नदी चढलेली असू शकते. अलर्ट बघताना आपल्या जिल्ह्याबरोबर घाटमाथ्याचाही बघावा. सातारा, कोल्हापूर घाट विभागाचा इशारा वेगळा दिलेला असतो.

निवृत्त_नावाडी

चाकोरीताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्या लहानपणी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत, ती इथे कामाला येते. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण धक्क्यावर कोणाला विचारायची गरज पडत नाही. मराठी कॅलेंडर खिशात असलं की पुरे.

आता फेरीशी संबंध. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, भरती-ओहोटीतलं अंतर सगळ्यात जास्त. पूर्ण ओहोटीला रॅम्प लावायला अडचण, पूर्ण भरतीला धक्क्यावर पाणी. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी मवाळ. पावसाळ्यात त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती खाडीच्या मुखाची. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघतं आणि समोरून नैऋत्येचा वारा लाटा आत ढकलतो. दोघं एकमेकांना भिडले की मुखाशी पाणी उभं राहतं. तुमची बोट हलली ती बहुधा त्यामुळेच. चढत्या भरतीत लाट आणि प्रवाह एकाच दिशेचे, त्यामुळे बोट कमी उसळते. तुम्हाला वेळ हातात असेल तर भरती चढत असताना खाडी ओलांडा. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, नाही म्हटलं तर मात्र पाऊणकी बाजूला ठेवायची आणि चहा प्यायचा.

काकडी_आणि_मीठ

काका, हे धाग्याबाहेर काढून वेगळं लिहा. माझ्या आजोबांना पाऊणकी, दिडकी, अडीचकी सगळं येत होतं, पण समुद्र तीनशे किलोमीटर लांब असल्याने त्यांनी ती फक्त बाजारात वापरली.

बाकी मघाबद्दल आमच्याकडे जी म्हण आहे ती चुलीपासून सुरू होते आणि संपादक मंडळामुळे इथे पूर्ण लिहिता येत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

ओला_रँडो

रँडोनिअरिंग, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलिंग, करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दोन गोष्टी. ब्रेव्हेला, म्हणजे अशा प्रत्येक सफरीला, वेळेची मर्यादा असते, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. पाऊस आला म्हणून ती वाढत नाही. त्यामुळे तुमचं "थांबण्याचे दोनच प्रकार" हे आम्ही सगळे कधी ना कधी शिकतो. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ह्या ब्रेव्हेची २००७ ची खेप पावसानेच गाजली होती. १२०० किमी, नव्वद तास, आणि त्यातला बराचसा वेळ ओल्या अंगाने. भारतीय सायकलवाल्यांच्या बोलण्यात ती अजून येते.

पण एका ठिकाणी वाद घालतो. रेनकोट काढून टाकणं चढाला ठीक आहे. उताराला घालायलाच हवा. चढताना तुम्ही उष्णता तयार करता, उतरताना काहीच नाही, वारा मात्र ताशी चाळीसचा. किनाऱ्यावर उतार दोन-तीन किलोमीटरचे म्हणून तुम्ही निभावलात. हेच पुढे आंबोली उतरताना केलं असतंत तर ब्रेक धरायला बोटं वळली नसती. पातळ, बिनबाह्यांचं वाऱ्याचं जाकीट खिशात मावतं. शिखरावर घाला, तळाला काढा. पाँचो मात्र नको. सड्यावरच्या वाऱ्यात पाँचोचं शीड होतं.

तळपायांचं म्हणाल तर दिवसा काही होत नाही, ते ओलेच राहणार. निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांना पेट्रोलियम जेली जाड थापायची, लोकरीमिश्रित पातळ मोजे घालायचे, सुती अजिबात नाही. खरी दुरुस्ती रात्री. मुक्कामाला पोचल्या पोचल्या बूट-मोजे काढून पाय धुऊन पुसून उघडे ठेवायचे, झोपताना मोजे घालायचे नाहीत. बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं आणि तासाभराने बदलायचं. 

अर्धा_पायडल

जेलीचा डबा मी जांघांसाठी नेत होतो, पायाला कधी सुचलं नाही.

चाकोरी

@ओला_रँडो, उताराचं मान्य. दोन पद्धती एकत्र केल्या की झालं, चढाला उघडं आणि उताराला जाकीट. फक्त त्यासाठी दर सड्यावर दोनदा थांबावं लागतं, आणि आमच्यातले दोघं जिद्दी होते.

@निवृत्त_नावाडी काका, तुमचा प्रतिसाद मी छापून दप्तरात ठेवणार आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत.

उत्रेख्तकर

नेदरलँड्समध्ये राहतो, रोज सायकलने कामावर जातो. इथला पाऊस तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी, पण नोव्हेंबरात पाच-सहा अंशाला. त्यामुळे इथे भिजणं हा पर्याय नाही. लोक सरळ वरखाली पाणबंद सूट घालतात, पोचल्यावर काढून खुंटीला टांगतात, आत ऑफिसचे कपडे. कोकणात तोच सूट घालून चढ चढलो (आईच्या आग्रहाने) आणि आतून नखशिखांत भिजलो. म्हणजे थंड पावसाची शिकवण गरम पावसाला लावू नये.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच. चाकांवर पूर्ण लांबीचे मडगार्ड, आणि पुढच्या मडगार्डला खाली रबरी झूल. वरून पडणारं पाणी स्वच्छ असतं. चाकाने उडवलेलं पाणी रेती, शेण, डिझेल घेऊन तुमच्या साखळीवर आणि बुटात येतं. भारतात सायकली घेताना लोक मडगार्ड काढून टाकतात, दिसायला बरं म्हणून. मागून चालवणाऱ्याच्या तोंडाचाही विचार करा.

घाटमाथा

+१ मडगार्डला. आणि ते तोंडावर उडणारं पाणी गिळू नका, गंमत नाही. पायाला जखम असेल आणि शेताच्या चिखलात, साठलेल्या पाण्यात उतरला असाल तर मुक्कामाला धुऊन घ्या. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "चिखलात होतो" हे न विसरता सांगा.

ओला_रँडो

ब्रेकबद्दल राहिलं. रिम ब्रेकला ओल्या हवामानासाठी वेगळे, मऊ रबराचे पॅड मिळतात. पकड चांगली, पण झिजतात लवकर. कोकणच्या रेतीत आणखी लवकर. एक जास्तीची जोडी सोबत हवीच. रोज संध्याकाळी पॅड काढून बघा, रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर सुईने किंवा चाकूच्या टोकाने उकरून टाका, नाहीतर ते कण रिम खातात. डिस्कवाल्यांनीही खूश होऊ नये. ऑर्गॅनिक (मऊ, राळेचे) पॅड पावसाच्या लांब उतारांवर फार भराभर संपतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) टिकतात. साखळीला घट्ट, ओल्यासाठीचं तेल. कोरड्यासाठीचं मेणाचं तेल दापोलीपर्यंतही पुरणार नाही.

टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. आणि पंक्चर जास्त होणार हे धरूनच चाला. पाणी वंगणाचं काम करतं, त्यामुळे काच, तार, काटा रबरात सहज शिरतो. पावसात पॅच चिकटत नाही, म्हणून ट्यूब बदलायची आणि पॅच रात्री लावायचा.

काकडी_आणि_मीठ

हा धागा सायकल नसताना वाचतोय आणि घाबरून सायकल घ्यायचा विचार सोडून दिला आहे. तरी पुढचा भाग येऊ द्या.

सडेकर

तुम्ही ज्या सड्यावर गारठलात त्याच तालुक्यातला मी. पावसाळ्यात कोणी सायकलवाला दिसला की आमच्याकडे पहिला विचार येतो, याचं घरी भांडण झालं असणार.

दोन-तीन सूचना. एक, दिशा बदला. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येचा, त्यामुळे वेंगुर्ल्याहून किंवा रत्नागिरीहून सुरुवात करून उत्तरेला आलात तर तोच वारा पाठीवर येईल. सायकली कोकण रेल्वेच्या पार्सलने रत्नागिरीला टाका आणि तिथून निघा. फक्त पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून घ्या. दोन, आमच्या रस्त्यांवर पाण्याखालचा खड्डा ओळखायचा तर मोटारसायकलवाल्यांची वाट बघा. ज्या रेषेत तो जातो त्याच रेषेत जा, त्याला रोजचं माहीत आहे. कडेचं शेवाळ आणि आंब्या-फणसाच्या पडलेल्या पानांवर ब्रेक दाबायचा नाही. तीन, रोकड ठेवा. वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की तुमचं स्कॅन करून पैसे देणं जातं. आमच्याकडे कोणी चहाला अडवणार नाही, पण दुकानदाराला कशाला लाजवायचं?

आणि विजांचं तुम्ही बरोबर लिहिलंत, पण ऑगस्टात त्यांचा त्रास कमी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि हस्ताच्या पावसात, दुपारनंतर, सड्यावर एकही माणूस दिसणार नाही तुम्हाला. गुरंसुद्धा खाली आणतात.

हेदवीला बामणघळ बघितलीत का? उधाणाच्या भरतीला पाणी त्या चिरेतून वर फेकलं जातं. पावसाळ्यात कातळ इतका निसरडा असतो की लांबूनच बघावं.

चाकोरी

नाही बघितली. देवळाच्या पायऱ्यांवरूनच पुढे गेलो, कारण "मधला प्रकार" बंद केला होता ना.

उत्तरेकडे जायचं डोक्यात आलं नव्हतं असं नाही, पण घरून निघून सायकलने जावं आणि येताना गाडीत बसावं असा आमच्यातल्या एकाचा हट्ट होता. येत्या वर्षी हट्ट मोडीत काढते. वारा पाठीवर घेऊन तोच सडा कसा लागतो ते बघायचंच आहे.

@अर्धा_पायडल, आरे-वारे पावसात बघण्यासारखा आहे, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. समुद्र गढूळ, लाटा मोठ्या, रस्त्यावर मोटारीतून उतरून सेल्फी काढणारे लोक. आम्ही त्यांच्यातून घंटी वाजवत गेलो.

अर्धा_पायडल

एक शंका. उत्तरेकडे येताना जयगडला पोचलो आणि फेरी बंद असेल तर? रत्नागिरीपर्यंत परत फिरायचं आणि महामार्गाने चिपळूण?

निवृत्त_नावाडी

महामार्ग नको. पावसाळ्यात, त्यातून गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, सायकलवाल्याने तिकडे फिरकू नये. मधे शास्त्रीवर पूल आहे. सडेकर नीट सांगतील.

सडेकर

भातगावचा पूल. जयगडहून खंडाळ्यावरून जाकादेवीकडे या. जयगड बंदर आणि वीजप्रकल्पाचे ट्रक निवळीकडे ह्याच रस्त्याने जातात, त्यामुळे शक्यतो सकाळी लवकर निघा आणि मागे लाल दिवा दिवसाही लावून ठेवा. जाकादेवीहून भातगावकडे वळलात की ट्रक संपतात. पूल ओलांडून आबलोली, तिथून हवं तर हेदवीला उतरा किंवा सरळ गुहागर गाठा. फेरीपेक्षा बरंच लांब पडतं, दिवसाचा हिशेब त्याप्रमाणे करा. दाभोळची फेरी बंद असेल तर मात्र जवळचा मार्ग नाही. चिपळूण, खेड करूनच दापोली, शंभरेक किलोमीटर धरा, म्हणजे तो दिवस वेगळाच ठेवा.

आणि भातगावचा पूल संपला की लगेच चढ आहे. गिअर पुलावरच हलका करून घ्या.